ओकहर्स्ट डेअरीचा खटला : स्वल्पविरामापेक्षा 'इंग' भारी

अमेरिकेतल्या मेन राज्यात दूध पोचवणाऱ्या ड्रायव्हरांनी एका नसलेल्या स्वल्पविरामाच्या जोरावर ५० लाख डॉलर मिळवले, ही गोष्ट इंग्रजी शिकवणारे हमखास सांगतात. गोष्ट खरी आहे, पण अर्धीच. सांगणारा मूळ वाक्य सहसा वाचून दाखवत नाही. ते नीट वाचलं की दिसतं, भांडण एकट्या स्वल्पविरामाचं नव्हतंच. इंग्रजी यादीचे तीन-चार रोजचे नियम एकाच ओळीत एकमेकांच्या पायात पाय घालून पडले होते. माझ्या मते त्यात स्वल्पविरामाचा नंबर तिसरा लागेल.

आधी कायदा बघू. मेनमध्ये आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त काम झालं की पुढच्या प्रत्येक तासाला दीडपट मजुरी द्यावी लागते. नियम सोपा. मग येते अपवादांची यादी, आणि त्यातला 'एफ' हा अपवाद शेतमाल, मांस-मासळी आणि नाशवंत पदार्थांच्या धंद्यासाठी. कोणत्या कामांना ओव्हरटाइम मिळणार नाही, ते या शब्दांत लिहिलं होतं :

"द कॅनिंग, प्रोसेसिंग, प्रिझर्व्हिंग, फ्रीझिंग, ड्राइंग, मार्केटिंग, स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन ऑफ : (१) ॲग्रिकल्चरल प्रॉड्यूस; (२) मीट अँड फिश प्रॉडक्ट्स; अँड (३) पेरिशेबल फूड्स."

पोर्टलंड शहरातली ओकहर्स्ट डेअरी १९२१ पासूनची. तिचे ड्रायव्हर दूध आणि दुधाचे पदार्थ गाडीतून दुकानोदुकानी पोचवत. २०१४ मध्ये त्यांच्यातल्या काहींनी थकलेल्या ओव्हरटाइमसाठी दावा लावला. कायद्याच्या पुस्तकांत तो 'ओ'कॉनर विरुद्ध ओकहर्स्ट डेअरी' या नावाने आहे. वस्तुस्थितीबद्दल फारसा वाद नव्हता. ड्रायव्हर माल पोचवतात, म्हणजे वितरण करतात, हे दोन्ही बाजूंना मान्य. ते माल बांधत नाहीत, पॅकिंग करत नाहीत, हेही मान्य. राहिला एकच प्रश्न : वरच्या यादीत 'डिस्ट्रिब्यूशन' हे स्वतंत्र काम आहे, की ते 'पॅकिंग'च्या पोटातलं आहे?

मराठीत हे दोन अर्थ लगेच वेगळे होतात. डेअरीचं म्हणणं होतं : "…साठवणे, पाठवणीसाठी पॅकिंग करणे किंवा वितरण करणे." ड्रायव्हरांचं म्हणणं होतं : "…साठवणे, पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी पॅकिंग करणे." पहिला अर्थ धरला तर वितरण हे सूट मिळालेलं काम ठरतं आणि ड्रायव्हरांना ओव्हरटाइम नाही. दुसरा धरला तर सूट फक्त पॅकिंगला, मग ते पॅकिंग कशासाठीही असो. ड्रायव्हर पॅकिंग करत नाहीत, म्हणून त्यांना ओव्हरटाइम मिळाला पाहिजे.

गाठ पडली ती 'फॉर'पाशी. इंग्रजीत असा शब्द नामाच्या आधी येतो आणि त्याची हद्द कुठे संपते हे पुढच्या शब्दांवर कुठेही लिहिलेलं नसतं. 'फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' यात 'फॉर' पहिल्या नामापुरता आहे की दोन्हींचा, हे 'डिस्ट्रिब्यूशन'कडे कितीही रोखून पाहिलं तरी कळत नाही. आपल्याकडे 'साठी' शब्दाला मागून चिकटतो आणि शब्दाचं रूपही बदलतो. 'वितरण' म्हटलं की एक अर्थ, 'वितरणासाठी' म्हटलं की दुसरा. विशेषणांचंही तसंच. 'ओल्ड क्लोद्ज अँड बुक्स' यात पुस्तकं जुनी आहेत की नाहीत ते इंग्रजी सांगत नाही; 'जुने कपडे आणि पुस्तकं' यातलं 'जुने' मात्र कपड्यांशीच जुळतं, पुस्तकांना 'जुनी' लागलं असतं. अर्थात मराठीला फार फुशारकी मारायला नको. 'जुनी पुस्तकं आणि मासिकं' म्हणा, की आपणही तिथेच अडकलो.

डेअरीच्या बाजूचा सगळ्यात जोरदार मुद्दा स्वल्पविरामाचा नव्हताच, तो 'ऑर'चा होता. इंग्रजी यादीत शेवटच्या बाबीआधी 'अँड' किंवा 'ऑर' लागतोच. आता ड्रायव्हरांचा अर्थ धरा. मग यादीतली शेवटची बाब कोणती? 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन', ही अख्खी. पण 'पॅकिंग'च्या आधी 'ऑर' कुठे आहे? वाक्यात एकच 'ऑर' होता, तो 'शिपमेंट' आणि 'डिस्ट्रिब्यूशन' यांना जोडण्यात खर्ची पडला. म्हणजे ड्रायव्हरांच्या अर्थाने मूळ यादी उभयान्वयी अव्ययाशिवाय, अशीच लोंबकळत राहते. भाषणात, कवितेत अशी यादी चालते. कायद्याच्या कलमात तिची अपेक्षा कुणी करत नाही. मराठी वाचकाला हा मुद्दा पटकन टोचत नाही, कारण आपण 'चहा, कॉफी, सरबत, काय हवं ते घ्या' असं सर्रास बोलतो आणि लिहितोही. इंग्रजीत ती सवय उचलली की वाक्य अर्धवट वाटतं, आणि मराठी माध्यमातून आलेल्यांच्या ई-मेलमध्ये हा 'अँड' नेमका गळलेला सापडतो.

डेअरीचा दुसरा मुद्दा असा की 'शिपमेंट' आणि 'डिस्ट्रिब्यूशन' यांचा अर्थ जवळजवळ एकच. मग 'पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी पॅकिंग' असं म्हणण्यात एक शब्द फुकट जातो, आणि कायद्यात कोणताही शब्द फुकट नसतो असं गृहीत धरायचं असतं. यावर न्यायालयाचं म्हणणं पडलं की मेनच्या इतर कायद्यांत हे दोन शब्द शेजारी शेजारी वेगवेगळे वापरलेले आहेत. माल दुसऱ्याच्या गाडीने रवाना करणं आणि स्वतःच्या गाडीने गिऱ्हाइकांपर्यंत पोचवणं, असा फरक त्यांत करता येतो. मुद्दा पार निकालात निघाला नाही, पण त्याची धार गेली.

तिसरा मुद्दा ऐकून गंमत वाटेल. 'डिस्ट्रिब्यूशन' वेगळं काम असेल तर 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम का नाही, असं ड्रायव्हरांनी विचारलं. डेअरीने थेट मेनच्या विधिमंडळाची मसुदा-लेखनाची पुस्तिका पुढे केली. त्या पुस्तिकेत स्पष्ट सांगितलंय की यादीतल्या शेवटून दुसऱ्या आणि शेवटच्या बाबीमध्ये स्वल्पविराम देऊ नका. उदाहरणही आहे : 'ट्रेलर्स, सेमीट्रेलर्स अँड पोल ट्रेलर्स' असं लिहा, 'अँड'च्या आधी स्वल्पविराम नको. म्हणजे स्वल्पविराम नसण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. मसुदा लिहिणाऱ्याने वरिष्ठांचा नियम पाळला, एवढंच.

हा शेवटचा स्वल्पविराम म्हणजेच ज्याला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात तो. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस आणि शिकागोची शैलीपुस्तिका तो देतात, असोसिएटेड प्रेसच्या शैलीत साध्या यादीत तो गाळतात. आपल्या शाळांत बहुतेकांना 'अँड'च्या आधी स्वल्पविराम नको हेच शिकवलेलं असतं, आणि मराठीतही 'आणि'च्या आधी आपण तो सहसा देत नाही. तेव्हा हे भांडण आपल्याला परकं वाटणं साहजिक आहे.

पण त्याच पुस्तिकेत पुढे एक सावधगिरीची सूचना होती, आणि ती डेअरीच्या अंगावर आली. यादीतल्या एखाद्या बाबीला विशेषण किंवा जादा शब्द जोडलेले असतील तर जपून, असं ती सांगते. 'ट्रेलर्स, सेमीट्रेलर्स अँड पोल ट्रेलर्स' यांच्यापुढे '३,००० पौंड किंवा त्याहून कमी वजनाचे' अशा अर्थाचे शब्द टाकले, तर वजनाची अट तिन्हींना की फक्त शेवटच्याला? असा घोळ होत असेल तर वाक्य नव्याने लिहा, असं पुस्तिकाच म्हणते. 'पॅकिंग'ला 'फॉर शिपमेंट' जोडलेलं होतंच. म्हणजे पुस्तिकेच्या हिशेबानेही हे वाक्य धोक्याच्या जागी उभं होतं. स्वल्पविराम हे सर्वात जास्त चुकीचं वापरलं जाणारं विरामचिन्ह आहे, असंही त्या पुस्तिकेत म्हटलंय, आणि न्यायालयाने ते निकालपत्रात उद्धृत केलंय.

आता ड्रायव्हरांचा खरा हुकमी पत्ता. यादी पुन्हा वाचा आणि शब्दांच्या शेपट्या बघा. कॅनिंग, प्रोसेसिंग, प्रिझर्व्हिंग, फ्रीझिंग, ड्राइंग, मार्केटिंग, स्टोअरिंग, पॅकिंग. ज्या ज्या शब्दाने निःसंशय काम सांगितलंय, तो प्रत्येक शब्द 'इंग'ने संपतो. मग येतात 'शिपमेंट' आणि 'डिस्ट्रिब्यूशन'. दोघांनाही 'इंग' नाही. 'शिपमेंट' हे वेगळं काम नव्हे, ते 'फॉर'च्या ताब्यातलं आहे, यावर वाद नाही. तर तिच्याच घाटाचा, तिच्याच शेजारचा, 'ऑर'ने तिलाच जोडलेला शब्दही 'फॉर'च्याच ताब्यातला असणार. डिस्ट्रिब्यूशन हे नववं काम म्हणून लिहायचं असतं, तर 'डिस्ट्रिब्यूटिंग' लिहिलं असतं.

इंग्रजी यादीचा हा नियम शाळेच्या पुस्तकात एखाद्या कोपऱ्यात असतो. पण रोजच्या वापरात तोच सगळ्यात जास्त मोडला जातो. एका यादीतल्या सगळ्या बाबींचा घाट एक हवा : सगळी 'इंग'वाली, किंवा सगळी 'टु'वाली, किंवा सगळी साधी नामं. अर्जासोबतच्या बायोडेटात बघा : 'रिस्पॉन्सिबल फॉर मेंटेनिंग रजिस्टर्स, कस्टमर कॉल्स अँड टु प्रिपेअर रिपोर्ट्स.' तीन बाबी, तीन घाट. अर्थ कळतो, नोकरीही मिळत असेल, पण वाचणारा दर स्वल्पविरामाला ठेचकाळतो. 'मेंटेनिंग रजिस्टर्स, अटेंडिंग कस्टमर कॉल्स अँड प्रिपेअरिंग रिपोर्ट्स' केलं की वाक्य सरळ चालू लागतं. घाट सारखा ठेवला की वाचणारा मनातल्या मनात बाबी मोजतो. घाट बदलला की त्याला वाटतं, इथे यादी संपली. ड्रायव्हरांचा युक्तिवाद याच सवयीवर उभा होता.

तरीही मला हा पत्ता लोक समजतात तितका भक्कम वाटत नाही, आणि त्याचं कारण वाक्याच्या दोन टोकांना आहे. सुरुवातीला 'द' आहे आणि शेवटी 'ऑफ'. इंग्रजीत 'इंग'वाल्या शब्दाच्या दोन जाती आहेत. 'कॅनिंग फिश इज हार्ड वर्क' यातला 'कॅनिंग' अजून क्रियापदाच्या गुणाचा आहे. मासळी हे त्याचं थेट कर्म, मध्ये काही लागत नाही. 'द कॅनिंग ऑफ फिश' म्हटलं की तोच शब्द पुरता नाम होतो : आधी 'द' घेतो, नंतर 'ऑफ' मागतो, आणि क्रियाविशेषणाऐवजी विशेषण घेतो. म्हणून 'द क्विक कॅनिंग ऑफ फिश', पण 'कॅनिंग फिश क्विकली'. आपल्याकडची 'बाय डुइंग ऑफ एक्सरसाइज' ही नेहमीची चूक या दोन जातींची भेसळ आहे. 'बाय डुइंग एक्सरसाइज' हवं, नाहीतर 'द डुइंग ऑफ' असा पुरता नामाचा घाट हवा.

मेनच्या कलमात 'द कॅनिंग… ऑफ पेरिशेबल फूड्स' असा दुसरा घाट आहे. म्हणजे यादीतले 'इंग'वाले सगळे शब्द इथे मुळात नामं आहेत. आणि 'द कॅनिंग ऑफ' शेजारी 'द डिस्ट्रिब्यूशन ऑफ' बसवायला इंग्रजी व्याकरणाची काहीच हरकत नाही, कारण दोन्ही नामंच. 'द प्रिंटिंग अँड पब्लिकेशन ऑफ बुक्स' असं कुणी लिहिलं तर कुणाचीही भुवई उंचावत नाही. शिवाय शेवटचा 'ऑफ' ड्रायव्हरांच्या अर्थाने थोडा विचित्र पडतो. 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन ऑफ पेरिशेबल फूड्स' यात 'पॅकिंग' आणि त्याचा 'ऑफ' यांच्यामध्ये चार शब्द येतात. चुकीचं नाही, पण वाकडं आहे. मी त्या पीठावर असतो तर निव्वळ व्याकरणाच्या तराजूत डेअरीचं पारडं किंचित खाली धरलं असतं, आणि ते 'ऑर'मुळे.

खालच्या न्यायालयाचं मत तसंच पडलं होतं : 'डिस्ट्रिब्यूशन' वेगळं काम, डेअरी जिंकली. ड्रायव्हर अपिलात गेले. १३ मार्च २०१७ रोजी फर्स्ट सर्किट या संघीय अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. न्यायमूर्ती डेव्हिड बॅरन यांच्या २९ पानी निकालपत्राचं पहिलंच वाक्य बातम्यांत गाजलं : एका स्वल्पविरामाअभावी हा खटला आपल्यापुढे आहे. खिळा नव्हता म्हणून नाल गेला, या इंग्रजी लोकोक्तीच्या चालीवर ते रचलेलं आहे. ते इतकं चटपटीत होतं की पुढची २८ पानं वाचायची गरज फारशी कुणाला वाटली नसावी.

त्या पानांत न्यायालय असं कुठेही म्हणत नाही की स्वल्पविराम नाही म्हणून ड्रायव्हरांचाच अर्थ बरोबर. ते म्हणतं ते असं : डेअरीचा अर्थ घेतला तर सारख्या घाटाचा नियम मोडतो, ड्रायव्हरांचा घेतला तर शेवटच्या बाबीआधी उभयान्वयी हवं हा नियम मोडतो. दोन्ही वाचनं कुठे ना कुठे लंगडतात. कायद्याचा हेतू काय, इतिहास काय, हेही पाहिलं. त्यातूनही निकाल लागत नाही. म्हणजे मजकूर संदिग्ध आहे. आणि मेनमध्ये मजुरीचा कायदा संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ उदारपणे, कामगाराच्या संरक्षणाचा हेतू साधेल असा लावायचा, हा दंडक आधीपासून होता. ओव्हरटाइम हा नियम, सूट हा अपवाद. म्हणून अपवाद अरुंद वाचायचा. ड्रायव्हर जिंकले ते या दंडकामुळे.

हे कळलं की गोष्टीतला स्वल्पविरामाचा वाटा नेमका दिसतो. 'शिपमेंट'नंतर तो असता तर वाद उभाच राहिला नसता, हे खरं. नव्हता, म्हणून ड्रायव्हर आपोआप जिंकले, हे खोटं. तो नसल्यामुळे वाद उभा राहण्याइतकी फट पडली. त्या फटीतून आत शिरायला 'इंग'चा आधार लागला. आणि शेवटचा निवाडा व्याकरणाने केलाच नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयातही विरामचिन्हांनी असेच दोन्ही अनुभव घेतलेत. १९५२ च्या एका निकालपत्रात म्हटलंय की कायद्याचा अर्थ लावताना विरामचिन्ह ही तशी गौण बाब आहे. पण १९७९ च्या विधी-अहवालांत छापलेल्या, महाराष्ट्र राज्य प्रतिवादी असलेल्या एका फौजदारी अपिलात त्याच न्यायालयाने स्वल्पविरामावर बरंच वजन टाकलं. प्रश्न १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २७ चा होता. त्यातले तेव्हाचे शब्द : 'मॅन्युफॅक्चर्स फॉर सेल, सेल्स, स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल ऑर डिस्ट्रिब्यूट्स'. नुसतं औषध जवळ बाळगणं हा गुन्हा, की विक्रीसाठी बाळगणं हा? न्यायालय म्हणालं, 'स्टॉक्स'नंतर स्वल्पविराम नाही, म्हणून 'स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल' हा एकच अखंड तुकडा आहे आणि 'फॉर सेल' ही अट 'स्टॉक्स'लाही लागू. नुसता साठा पुरेसा नाही, तो विक्रीसाठी होता हे दाखवावं लागेल.

दोन्ही खटले शेजारी ठेवले की एकच रचना आरशात उलटी दिसते. मेनमध्ये 'फॉर' आधी होता आणि त्याची हद्द नंतरच्या दुसऱ्या नामापर्यंत जाते का, हा प्रश्न. इथे 'फॉर सेल' शेवटी होतं आणि त्याची हद्द आधीच्या क्रियापदापर्यंत मागे पोचते का, हा प्रश्न. दोन्हीकडे नसलेल्या स्वल्पविरामाने 'ऑर'च्या दोन बाजूंचे शब्द एकत्र बांधले. आणि दोन्हीकडे फायदा झाला तो ज्याच्याविरुद्ध कलम वापरलं जात होतं त्याचा.

अशी वाक्यं सापडायला न्यायालयात जावं लागत नाही. प्रवेशाच्या किंवा भरतीच्या इंग्रजी सूचनेत अशी ओळ भेटते : 'ब्रिंग युअर पॅन कार्ड, फोटोकॉपीज ऑफ मार्कशीट अँड कास्ट सर्टिफिकेट.' जातीच्या दाखल्याची झेरॉक्स आणायची की मूळ दाखला? 'ऑफ'ची हद्द दोन्हींवर धरली तर झेरॉक्स. पण मग 'फोटोकॉपीज'च्या आधी 'अँड' हवा होता. 'अँड' यादीचा धरला तर दाखला मूळ. मेनच्या कलमातलाच पेच, फक्त ५० लाख डॉलरऐवजी इथे गावाकडून आलेल्या पोराची एक खेप पणाला. आणि मूळ मराठी सूचना 'गुणपत्रिका व जातीच्या दाखल्याची छायांकित प्रत' अशी असेल तर तीही सुटका करत नाही, कारण मराठीत दोन नामांना मिळून शेवटी एकच प्रत्यय लावायची मुभा आहे. 'गुणपत्रिकेची व जातीच्या दाखल्याची' असं दोनदा लिहायला कारकुनाचे दोन शब्द जास्त पडत नाहीत, तरी ते लिहिलं जात नाही.

इंग्रजीत याचा उपायही साधारण तोच : जो छोटा शब्द दोन्हींना लागतो तो दोनदा लिहा. 'फोटोकॉपीज ऑफ द मार्कशीट अँड ऑफ द कास्ट सर्टिफिकेट', आणि त्याआधी यादीचा स्वतःचा 'अँड'. किंवा हद्द तोडायची असेल तर क्रम बदला, जादा शब्द नसलेली बाब आधी आणा : 'पॅन कार्ड, ओरिजिनल कास्ट सर्टिफिकेट अँड फोटोकॉपी ऑफ मार्कशीट'. स्वल्पविराम टाकून भागतं, पण टाइप करणारा तो कधीही उडवू शकतो, फोनवर वाचून दाखवताना तो ऐकू येत नाही, आणि वाचणारा कोणत्या शैलीत वाढलाय यावर त्याचा अर्थ अवलंबून राहतो. शब्दांचा क्रम आणि घाट ऐकू येतो. मेनच्या कलमात 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर फॉर डिस्ट्रिब्यूशन' असतं तर ड्रायव्हरांना दावाही लावावा लागला नसता. 'ऑर डिस्ट्रिब्यूटिंग' असतं तर तो लावण्यात अर्थ नव्हता.

मेनच्या विधिमंडळाने निकालानंतर, २०१७ मध्येच, कलम दुरुस्त केलं. नवी ओळ अशी : 'द कॅनिंग; प्रोसेसिंग; प्रिझर्व्हिंग; फ्रीझिंग; ड्राइंग; मार्केटिंग; स्टोअरिंग; पॅकिंग फॉर शिपमेंट; ऑर डिस्ट्रिब्यूटिंग ऑफ'. बातम्यांनी मजेने सांगितलं ते अर्धविरामांबद्दल, की स्वल्पविरामाच्या भीतीने सगळीकडे अर्धविराम पेरले. खरी दुरुस्ती शेवटच्या शब्दात आहे. 'डिस्ट्रिब्यूशन'चं 'डिस्ट्रिब्यूटिंग' झालं, घाट जुळला, आणि आता अर्धविराम सगळे पुसले तरी डेअरीचाच अर्थ निघतो.

डेअरीने फेब्रुवारी २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड केली. तिचा लाभ मिळू शकणाऱ्या ड्रायव्हरांची संख्या १२७ सांगितली गेली. ती रक्कम जुन्या वाक्याखाली केलेल्या कामाची. नव्या वाक्याखाली नाशवंत माल पोचवणाऱ्याला राज्याच्या कायद्याचा ओव्हरटाइम मागायला या कलमात फट उरलेली नाही.